मोठ्या बाईंचा बँड

शाळेत मुख्याध्यापिकेला मोठ्या बाई म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. पण त्यांच्या बाबतीत हे पद होतं की वर्णन, याचा उलगडा त्यांना नोकरीभर झाला नाही. एखादा नवा पालक शिपायाला "मोठ्या बाई कुठे बसतात?" असं विचारू लागला, की आत बसलेल्या बाईंना वाटे, याला माझी चौकशी आहे की खुर्चीची काळजी?

शेवटी गुडघ्यांनी तक्रार केली आणि डॉक्टरांनी बँड सुचवला. म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं एक कडं बसवायचं. पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका बटणातून त्यात सुईने खारं पाणी भरलं की कडं घट्ट होतं, काढलं की सैल. घट्ट असलं की थोडक्यात पोट भरतं. एवढी साधी गोष्ट, पण घरात ती कोणाला सरळ कळली असेल तर शपथ. नणंदेने फोनवर विचारलं, "पोटात बँड? अगं वहिनी, मग लोकांना ऐकू येईल ना!" मिस्टर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हां, म्हणजे व्हॉल्व्ह." आणि तिथून पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला ते बायकोची प्रकृती इंच आणि प्रेशरच्या भाषेत सांगू लागले. "सध्या लाईन अर्ध्यावर चालू आहे," असं त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्रास सुरू झाला तो त्यानंतर, आणि त्याला कारण झालं यश.

इस्पितळात बँड बसवलेल्यांचा एक गट होता. दर शनिवारी दुपारी व्यायामोपचाराच्या खोलीत तो भरायचा. भोवती मोठाले रबरी चेंडू, कोपऱ्यात चाक नसलेली सायकल, आणि मध्ये गोलाकार मांडलेल्या बिनहातांच्या खुर्च्या. त्या खुर्च्या पाहूनच बाईंचा जीव भांड्यात पडला होता. हातांच्या खुर्चीत बसताना काही नसतं, उठताना ती बरोबर येते. हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशी माणसं जगात आहेत, हे बाईंना प्रथमच कळलं.

आणि खरं सांगायचं तर या मंडळींनी सुरुवातीला बाईंना हाताला धरून चालवलं. घास केवढा घ्यायचा, किती चावायचा, जेवताना पाणी का प्यायचं नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण लग्नाच्या जेवणात यजमानीणबाई ताट घेऊन मागे लागली तर काय करायचं, ते गटाने सांगितलं. एकदा कपड्यांच्या दुकानात आरशासमोर बाईंना रडू कोसळलं. अंग उतरलं होतं, पण कातडी उतरायला तयार नव्हती. तेव्हा आतूनच त्यांनी गटातल्या वकीलबाईंना फोन लावला, आणि वकीलबाई कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून, पुकारा होईपर्यंत, त्यांच्याशी बोलत राहिल्या. असं कोण करतं?

वकीलबाई गटाच्या अध्यक्ष होत्या. त्यांना कोणी निवडलं नव्हतं. पण त्यांना तसं सांगायची छाती कोणाची नव्हती. बैठकीचा क्रम त्यांनीच घालून दिला होता. आधी सगळ्यांसमोर वजन, मग टाळ्या. ज्याचं उतरलं त्याला कडाडून टाळ्या, ज्याचं उतरलं नाही त्याला हळू हळू, सांत्वनाच्या. सांत्वनाच्या टाळ्या बहुतेक वेळा एका बेकरीवाल्यांच्या वाट्याला यायच्या. दिवसभर पावाच्या भट्टीसमोर उभा राहणारा गोलमटोल माणूस. तो काट्यावर चढायचा, आकडा बघायचा, "चालायचंच," म्हणायचा आणि खाली उतरायचा. मोठ्या बाई त्याच्याकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघतात तशा बघत.

त्या स्वतः पहिल्या बाकावर होत्या. आयुष्यभर गुण देत आलेल्या बाईला आता दर शनिवारी गुण मिळू लागले, आणि त्याची चटक लागली. मग एका शनिवारी काटा हलेना. पुढच्या शनिवारीही हलेना.

"घट्ट करून घ्या," वकीलबाई म्हणाल्या.

बाईंनी घट्ट करून घेतला. काटा हलला, टाळ्या पडल्या. पुन्हा अडला, पुन्हा घट्ट. प्रत्येक वेळी डॉक्टर विचारत, "घन अन्न नीट जातं ना? अडकत नाही ना?" आणि मोठ्या बाई, ज्यांनी खोटं बोलणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या कोपऱ्यात उभ्या केल्या, त्या डॉक्टरांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणत, "छान जातं."

प्रत्यक्षात काहीच जात नव्हतं. आधी पाव गेला, म्हणजे जायचा थांबला. मग भाजी, मग भात. घास छातीच्या मधोमध बसायचा, कोणी आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं, तोंडात फेसाळ थुंकी भरायची, आणि मग धावायचं. शाळेत धावायला जागा होती ती एकच, नकाशांची खोली. तिला मोरी होती आणि आतून कडी होती. मोठ्या बाई दिवसातून दोनदा आतून कडी लावून नकाशांच्या खोलीत बसतात, ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली, आणि भूगोलाच्या सरांनी धसक्याने सगळे नकाशे पुसून, रंगवून, नव्या दोऱ्या घालून टांगले. पृथ्वीच्या गोलाला तेलपाणी केलं. बाईंच्या दुखण्याचा तेवढा एक फायदा शिक्षणक्षेत्राला झाला.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. खालच्या मजल्यावर निवृत्त कवायतमास्तर राहत. त्यांचं म्हणणं, जेवल्यावर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून दोन्ही पायांनी उडी मारायची. घास आपोआप जागा सोडतो. बाईंनी नको नको म्हणत एकदा मारली. घास जागचा हलला नाही, मास्तरांच्या दारावरची पाटी तेवढी पडली. नणंद म्हणाली, "दोन्ही हात वर करून छताकडे बघायचं." ते बाईंनी चुकून उपाहारगृहात केलं, तर वेटर बिल घेऊन धावत आला. मिस्टर म्हणाले, "वरून गरम पाणी सोड. प्रेशर दिल्याशिवाय लाईन मोकळी होत नाही." ते केल्यावर जे झालं त्याचं वर्णन न केलेलं बरं. आणि वकीलबाई म्हणाल्या, "अडकतंय म्हणजे बँड काम करतोय. अभिनंदन."

या सगळ्या नाकाबंदीतून एकच वस्तू बिनबोभाट जायची. आईस्क्रीम. आईस्क्रीमला कोणी अडवलं नाही. कस्टर्डलाही नाही, वितळलेल्या चॉकलेटला तर मुळीच नाही. उपाशी माणूस काय करणार? जे दार उघडं, त्या दाराने जाणार. बाई दुपारी कपाटामागे उभ्या राहून आईस्क्रीम खात, आणि कुठलाही पदार्थ इतक्या अपराधी चेहऱ्याने कोणी खाल्ला नसेल. परिणाम व्हायचा तो झाला. घन अन्नाचा कण पोटात नसताना वजन वाढू लागलं. शनिवारी काट्यावर चढताना बाईंना कारणं शोधावी लागू लागली. आज बूट भिजलेत. आज शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा खिशात राहिला. वकीलबाईंनी कारणं मान्य केली, एवढंच नव्हे तर पुढच्या शनिवारी येणाऱ्या नव्या लोकांपुढे "माझं यश" या विषयावर बाईंनीच बोलायचं, असं जाहीर करून टाकलं.

झोपही उडाली होती. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येई आणि खोकल्याची उबळ. बाई उशांची चळत लावून बसल्या बसल्या डोळे मिटत, आणि सकाळी आरशात बघत, तेव्हा तिथे यश कुठे दिसत नसे. डोळ्यांखाली काळं आणि ओठांना कोरड.

भाषणाच्या आदल्या दिवशी शाळेत तपासणी आली.

तपासणी अधिकारी म्हणजे एके काळचे मास्तर. भला माणूस. कार्यालयात चहा आला, बशीत टोस्ट आले. बाई नुसत्याच बसल्या होत्या. "घ्या ना बाई," अधिकारी म्हणाले. "तुम्ही घेत नाही म्हटल्यावर मला एकट्याला संकोच वाटतो." तपासणी अधिकाऱ्याला संकोच वाटणं शाळेला परवडत नाही. बाईंनी टोस्टचा कोपरा तोडला, चहात बुडवला, चावून चावून त्याचं पाणी केलं आणि गिळला.

तो बसला.

"पटसंख्या किती आहे सध्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाईंच्या तोंडात थुंकी भरत होती. बोलायला तोंड उघडलं असतं तर पटसंख्येऐवजी भलतंच बाहेर आलं असतं. त्यांनी मान हलवली. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. छातीतली मूठ आवळली गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि काही सुचेना तेव्हा मोठ्या बाईंनी, साऱ्या शिक्षकांसमोर, हात वर करून करंगळी दाखवली.

अधिकारी जुने मास्तर. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जा. लवकर ये."

नकाशांच्या खोलीत टोस्ट बाहेर आला, पण सुटका झाली नाही. बाईंनी घोटभर पाणी घेतलं, ते परत आलं. शाळा सुटली, घरी आल्या, पुन्हा घोट घेतला, पुन्हा परत. आता स्वतःची थुंकीही उतरेना. मोरीशी वाटी घेऊन बसल्या. अशा वेळी शहाण्या माणसाने डॉक्टरांना फोन करावा. बाईंनी मोबाईलवर गटाला लिहिलं, "पाणी जात नाही. काय करावं?"

उत्तरं धडाधड आली. एकाने जोडलेले हात पाठवले, एकीने फूल. कोणी लिहिलं, "धीर धरा." कोणी लिहिलं, "उद्याच्या भाषणाची वाट पाहतोय." वकीलबाईंचं उत्तर सविस्तर होतं, त्याचा सारांश असा, की काही दिवस फक्त पातळ घ्यावं. पाण्याहून पातळ काय असतं, याचा खुलासा त्यात नव्हता.

मग फोन वाजला. बेकरीवाले.

"ताई, थुंकी गिळता येते का?"

मुख्याध्यापिकेला उभ्या जन्मात असा प्रश्न कोणी केला नव्हता. बाई कष्टाने म्हणाल्या, "नाही."

"आवरून खाली या. मी गाडी काढतोय."

"उद्या सकाळी..."

"ताई, उद्या नाही. आत्ता."

गाडी म्हणजे पाव पोचवायची गाडी. आत ताज्या पावाचा असा घमघमाट, की बाईंना भडभडून आलं. ओकारीने की भुकेने, सांगता येत नव्हतं. मिस्टर मागे रिकाम्या तबकांमध्ये उकिडवे बसले. "व्हॉल्व्ह सैल करायला हवा, हे मी पहिल्यापासून सांगतोय," ते तिथून म्हणाले. बाईंच्या तोंडाशी रुमाल होता म्हणून निभावलं.

बेकरीवाले गाडी हाकता हाकता बोलत होते, आणि त्यांना थोडक्यात बोलायची सवय नव्हती. मधूनच भट्टीची कहाणी, मेव्हण्याची कहाणी; पण त्यातून बाईंना कळलं ते असं. त्यांचंही असंच झालं होतं. तेही पाणी जाईना झाल्यावर "सवय होईल" म्हणत घरी बसून राहिले. शेवटी बँड जागचा सरकला, रक्तवाहिनीतून सलाईन लावून पडून राहावं लागलं, पुन्हा ऑपरेशन झालं. "तेव्हापासून मी सैलच आहे, ताई. डॉक्टर म्हणाले, हळू उतरू दे. पण आता मी भाकरतुकडा चार लोकांसारखा बसून खातो."

"मग गटात... सांगितलं का नाही?"

"वकीलबाईंसमोर?" बेकरीवाल्यांनी कचकन ब्रेक दाबला. "त्या उलटतपासणी घेतात हो!"

इस्पितळाच्या खिडकीवरचा कारकून आधी न बघताच म्हणाला, "बँडवाले मंगळवारी." मग त्याने वर बघितलं आणि ताडकन उभा राहिला. "बाई! मोठ्या बाई! ओळखलंत का? मी तुमचा विद्यार्थी! तुम्ही मला वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं!"

बाईंनी रुमालाआडून मान डोलावली. असले विद्यार्थी अडचणीच्या वेळीच भेटतात आणि सगळे कृतज्ञ असतात. त्याने सगळं इस्पितळ भरेल अशा आवाजात हाक दिली, "जरा जागा द्या! या माझ्या बाई आहेत! यांच्या पोटात टोस्ट अडकलाय!" रांगेतली माणसं माना वळवून बघू लागली. टोस्ट केव्हाच निघाला, आता पाणी अडलंय, हे सांगायला बाईंना तोंड नव्हतं. त्यांना "गिळलेल्या वस्तू" या बाकावर बसवण्यात आलं. शेजारी एक आई आपल्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. लेकराने कोटाचं बटण गिळलं होतं. "आणि तुम्ही काय गिळलंत?" आईने सहानुभूतीने विचारलं.

बाईंनी विचार केला, आणि मान नुसती हलवली. बरंच काही गिळलं होतं, पण ते एक्सरेत दिसण्यासारखं नव्हतं.

मग डॉक्टर आले, सिस्टर आल्या. पोटाच्या कातडीखालच्या बटणात सुई गेली, आणि कड्यातलं पाणी नळीत उतरू लागलं. बाईंना आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, घट्ट बुटाची नाडी सुटावी तसं. सिस्टरने कागदी पेला पुढे केला. "हळू."

एक घोट. बाई वाट बघत राहिल्या. तो परत आला नाही. दुसरा घोट. तोही गेला, मुकाट्याने खाली गेला. मोठ्या बाई तो पेला दोन्ही हातांत धरून रडू लागल्या, आणि मिस्टरांना या वेळी प्रेशरबद्दल काही बोलावंसं वाटलं नाही. त्यांनी नुसती पाठीवरून हात फिरवला.

तपासणीत बँड सरकलेला नव्हता. "नशीब," डॉक्टर म्हणाले. "थोडे दिवस आणखी थांबला असतात तर सरकला असता. काय खात होता?"

"आईस्क्रीम," बाई म्हणाल्या. खरं बोलणं इतकं सोपं असतं हे त्या विसरून गेल्या होत्या.

डॉक्टर रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "घट्ट असला की माणूस गोड पातळावर जगतो आणि वजन वाढतं. आता काही दिवस पातळ, मग मऊ, मग घन. पुन्हा घट्ट करायचा की नाही, कधी करायचा, ते तुम्ही आणि मी ठरवू. पण त्यासाठी मला खरं कळायला हवं."

"मग मी गटात जाणं बंद करते."

"ते कशाला?" डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. तिथे बेकरीवाले मिस्टरांना भट्टीची कहाणी पहिल्यापासून सांगत होते. "आज तुम्हाला इथे कोणी आणलं?"

शनिवारी बाईंना अंथरुणातून उठवत नव्हतं. भाषण बुडवायला आजारपणासारखं सबळ कारण नाही, आणि ते या वेळी खरंही होतं. तरी त्या गेल्या. बूट काढून, किल्ल्या टेबलावर ठेवून काट्यावर चढल्या. आकडा वाढलेला होता. कोणती टाळी वाजवावी ते कोणाला कळेना, म्हणून कोणीच वाजवली नाही.

नवी मंडळी समोर बसली होती. एक तरुण मुलगी, नुकतंच ऑपरेशन झालेली, वही उघडून तयार. मोठ्या बाई बसूनच बोलल्या. उभं राहायचं त्राण नव्हतं. नकाशांची खोली सांगितली, कपाटामागचं आईस्क्रीम सांगितलं, करंगळीही सांगितली. त्यावर कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि बाईंनाही हसू आलं. "काल मी बँड सैल करून घेतला," त्या म्हणाल्या. "माझं यश एवढंच, की आज सकाळी मी पाणी प्याले. इथे या, जरूर या, माझी फार सोबत झाली. पण घास अडकला तर इथे टाळ्या घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा."

"हा शिस्तीचा प्रश्न आहे," वकीलबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "एकाने सैल केला की सगळे सैल करतील."

"मी तर केव्हाचा सैल आहे," बेकरीवाले मागून म्हणाले, आणि स्वतःच्या धाडसाने घाबरून खाली बसले. मग आणखी एक जण म्हणाला, त्यालाही पाव जात नाही. मुलीने वहीत लिहिणं थांबवलं आणि खुर्ची ओढून जवळ आणली. खुर्च्यांचं वर्तुळ मोडलं, सगळे एकमेकांना एकदम काहीबाही सांगू लागले, आणि वकीलबाईंनी बैठक संपल्याचं जाहीर केलं तरी कोणी उठलं नाही.

बाई मात्र उठल्या. घरी जायचं, पाय पसरायचे आणि कोणाशी बोलायचं नाही, एवढीच आता इच्छा होती. व्हरांड्यात मागून पावलं आली.

"बाई, एक मिनिट." वकीलबाई होत्या. "एक शंका होती. माझी एक अशील आहे. तिलाही बँड आहे."

"बरं."

"तिला बरेच दिवस घन काही जात नाही. खोकला येतो. म्हणजे, असं ती सांगते."

"पाणी?"

"घोट घोट जायचं."

"जायचं?"

वकीलबाईंनी व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं. "काल संध्याकाळपर्यंत."

मोठ्या बाईंनी तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठ सुकलेले, हातात चुरगळलेला ओला रुमाल. आणि कोर्टाच्या व्हरांड्यातून फोनवर बोलणारा तो आवाज आज खरखरत होता. बाईंनी जिन्याच्या कठड्याला हात टेकला. गुडघे ठणकत होते. खाली गाडीत मिस्टर वाट बघत असणार.

"तुमची अशील आत्ता कुठे आहे?"

"इथेच. परिसरात."

"चालता येतं का तिला?"

"येतं."

"मग चला, तिला डॉक्टरांकडे नेऊ."

"आणि गटाला काय सांगायचं?" वकीलबाईंनी विचारलं, पुढे हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण लगेच रुमाल तोंडाशी न्यावा लागला.

"आधी पाणी पिऊ या. मग सांगू, दोघी मिळून." मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला, त्यांची जड पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघी भिंतीला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.

अर्ध्या जिन्यात वकीलबाई थांबल्या. या वेळी अशिलाचं नाव निघालं नाही.

"सुई दुखते का हो?"

"दुखते थोडी," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझा हात धरा. पण जोरात नको, मी फार दमलेय."